चिठ्ठीवर दोन गोळ्या आहेत. कोणती घ्यावी, आणि आत्ताच का?

पाटी-पेन्सिल (रविवार, रात्री ९.५०)

मी परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वय २७, लग्न ठरायचे आहे. गेल्या वर्षभरात मला पाळी पाचच वेळा आली आणि त्यातले एक अंतर ८४ दिवसांचे होते. हनुवटीवर राठ केस येतात. मानेच्या मागे काळपट पट्टा आहे, आणि तो मळ आहे अशा समजुतीने आईने मला कॉलेजात असेपर्यंत वज्रीने मान घासायला लावली. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत बारीक बारीक पुटकुळ्या दिसल्या. उपाशीपोटी साखर १०४, उपाशीपोटी इन्शुलिन २२ आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९ आले.

शहरातल्या एका दवाखान्यात तीन तास बसल्यावर मला चार मिनिटे मिळाली. पीसीओएस (अंडाशयांचा आणि संप्रेरकांचा विकार) आहे, सोबत इन्शुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही) आहे, एवढे सांगून चिठ्ठीवर दोन औषधे लिहून दिली गेली: मेटफॉर्मिन ५००, म्हणजे मधुमेहींना देतात तीच गोळी, आणि संततिनियमनाची गोळी महिन्यातले २१ दिवस. दोन्ही पाकिटे ११ दिवसांपासून कपाटात, घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांमागे पडून आहेत. आई म्हणते, शुगरची गोळी एकदा लागली की सरणावर जाईपर्यंत सुटत नसती. दुसऱ्या गोळीबद्दल ती काहीच बोलत नाही, पण बिनलग्नाच्या मुलीच्या पर्समध्ये असे पाकीट कुणी पाहिले तर काय, हे तिच्या चेहऱ्यावर वाचता येते. आत्याचे मत असे की सहा महिने ज्वारीची भाकरी खावी, पहाटे चालावे, सगळे आपोआप ठीक होईल.

माझा प्रश्न असा आहे की औषध लगेच सुरू करावे की आधी सहा महिने आहार आणि व्यायामाला द्यावेत? आणि सुरू करायचेच तर दोन्ही गोळ्या, की एकच?

मांजराकाठ (रविवार, रात्री १०.३५)

मी लातूरची, वय ३३. मेटफॉर्मिन चार वर्षे घेते आहे. पहिल्यांदा मी ती उपाशीपोटी घेतली आणि पुढचे दहा दिवस शौचालय आणि बँकेतले माझे काउंटर यांच्यामध्ये काढले. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी साधी गोळी बंद करून हळूहळू विरघळणारी, म्हणजे एसआर लिहिलेली गोळी दिली, ती रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि पहिला पंधरवडा रोज एकच. त्यानंतर त्रास जवळजवळ गेला. आपल्या चिठ्ठीवर एसआर लिहिले आहे का, ते पाहून घ्यावे.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही म्हणून लिहिते. या एसआर गोळीतले औषध आतड्यात झिरपून जाते, पण कधी कधी तिचे टरफल जसेच्या तसे शौचातून बाहेर पडते. मी ते पाहिले आणि गोळी विरघळलीच नाही, पैसे पाण्यात गेले, असे समजून दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याशी भांडून आले. त्याने शांतपणे पाकिटातला कागद उघडून दाखवला.

निजामकालीन (रविवार, रात्री ११.१०)

स्त्रियांच्या विषयात मी डोकावू नये असे वाटत होते, पण आपल्या मातोश्रींच्या वाक्यासाठी लिहितो. मला मधुमेह आहे आणि १४ वर्षांपासून मी हीच गोळी घेतो. गोळी सुटत नाही हे खरे, पण ती गोळीची चिकटण्याची सवय नव्हे, मला झालेला आजार जात नाही म्हणून ती चालू आहे. छत्री घेतली म्हणून पाऊस लांबतो असे आपण म्हणत नाही.

या औषधाचे मूळ युरोपातल्या एका रानटी झुडपात आहे. त्या झुडपातल्या रसायनाच्या अभ्यासातून ही गोळी निघाली आणि १९५७ साली पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ती मधुमेहींना देऊन पाहिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या झुडपाचा काढा करून विकला असता तर आपल्याकडे एकाही घरातून विरोध झाला नसता.

येसर (सोमवार, सकाळी ७.२०)

आत्याबाईंच्या बाजूने मीही बोलेन. माझे वजन ७४ होते, आठ महिन्यांत ६७ वर आणले आणि पाळी ३५ दिवसांवर आली. एकही गोळी घेतली नाही. मात्र ज्वारीची भाकरी खाल्ली म्हणून हे झाले असे म्हणणे मला मान्य नाही, कारण भाकरी मी जन्मापासून खात होते. पूर्वी ताटात तीन भाकऱ्या, वाटीभर भात आणि चमचाभर भाजी असे. आता एक भाकरी, दोन वाट्या वरण किंवा मटकी, आणि अंबाडी, शेपू, मेथी यांपैकी जी मिळेल ती भाजी पोटभर, वर शेंगदाण्याची चटणी. भाकरी चांगलीच आहे, पण तीही पिठूळच आहे. तिसऱ्या भाकरीला इन्शुलिन लागतेच, मग ज्वारी मालदांडी असो नाहीतर परभणी मोती.

आणि चहा. शिक्षकांच्या खोलीत दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, हा हिशोब आपण मांडून पाहिला आहे का?

काडीपहिलवान (सोमवार, सकाळी ९.०५)

वजन कमी करा, हा सल्ला देणाऱ्या सर्वांसाठी: माझी उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४७ किलो आणि मलाही पीसीओएस आहे. पहिल्या डॉक्टरांनी माझ्याकडे न पाहता वजन घटवायला सांगितले आणि मग मान वर केली. बारीक बायकांना हा आजार होत नाही असे गृहीत धरल्यामुळे माझे निदान दोन वर्षे लांबले. कृपया या धाग्यावर तरी वजन हे एकमेव कारण असल्यासारखे लिहू नये.

येसर (सोमवार, सकाळी ९.४०)

आपले म्हणणे मान्य आहे. मी माझे सांगितले, ते सगळ्यांना लागू होईल असे म्हणायचे नव्हते.

डॉक्टरीणबाई (सोमवार, रात्री १०.१५)

मी नांदेडला स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. येथे मी कुणालाही औषध लिहून देणार नाही आणि बंदही करणार नाही. पण प्रश्न ज्या रीतीने मांडला गेला आहे, त्यावरच मला बोलायचे आहे.

पीसीओएस हे नावच दिशाभूल करते. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी सात स्त्रियांचे वर्णन केले, त्यात अंडाशयांचे हे रूप ठळक होते, म्हणून नावात पुटकुळ्या आल्या. प्रत्यक्षात त्या गाठी नव्हेत, अर्धवट वाढून थांबलेल्या स्त्रीबीजाच्या पिशव्या असतात. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचा जोर (केसांवरून किंवा रक्तावरून) आणि सोनोग्राफीतले हे रूप. त्याआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारे संप्रेरक) आणि अधिवृक्क ग्रंथींचे (मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी) काही विकार नाहीत याची खात्री करायची असते. आपल्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी असल्यामुळे सोनोग्राफी केली नसती तरी चालले असते.

आता इन्शुलिनचा संबंध. स्नायू इन्शुलिनला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडते. अंडाशय मात्र त्या जादा इन्शुलिनला चांगलीच दाद देतात आणि पुरुषी संप्रेरके जास्त बनवतात. शिवाय ती संप्रेरके रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृत कमी तयार करते, त्यामुळे मोकळी संप्रेरके वाढतात. मानेवरचा काळा पट्टाही याच जादा इन्शुलिनचे लक्षण आहे, आणि तो वज्रीने जात नाही हे आपल्या आईंना जरूर सांगावे.

मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते आणि इन्शुलिनची गरज उतरवते. काही जणींची पाळी तिने सुधारते, पण केसांवर तिचा भर नाही. संततिनियमनाची गोळी पाळी नियमित आणते, गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण करते, पुरुषी संप्रेरके दाबते, पण साखरेसाठी ती काही करत नाही. म्हणजे एकाच आजाराच्या दोन वेगळ्या टोकांवर या दोन गोळ्या काम करतात. म्हणून ‘औषध की आहार’ असे विचारण्याऐवजी आपल्याला आत्ता नेमके काय सांभाळायचे आहे ते आधी ठरवावे. आहार आणि चालणे हे तर दोन्हींच्या सोबत आहेच.

दोन तातडीच्या गोष्टी. ९० दिवसांहून अधिक काळ पाळी येत नसेल तर अस्तर जाड होत राहते आणि वर्षानुवर्षे तसे राहिल्यास त्यातून कर्करोगापर्यंत गोष्ट जाऊ शकते. ८४ दिवस हे त्या रेषेच्या अगदी जवळ आहे. दुसरे, उपाशीपोटी इन्शुलिनच्या आकड्याला मी फार महत्त्व देत नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही इन्शुलिन रेझिस्टन्स नेहमीच्या तपासणीत मोजू नये असेच म्हटले आहे. त्याऐवजी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहण्याची तपासणी करावी. ती झाली आहे का?

आणि संततिनियमनाच्या गोळीआधी रक्तदाब मोजला का, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, आपल्याला अर्धशिशी आहे का, हे विचारले होते का?

त्रैराशिक (मंगळवार, सकाळी ६.५०)

मी हिंगोलीत गणित शिकवतो, म्हणून मला आकड्यांवाचून करमत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३२३४ लोकांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली होती आणि तिचा निकाल २००२ साली आला. आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. यावरून आत्याबाई जिंकल्या असे वाटेल. पण चेन्नईला ५३१ भारतीयांवर झालेल्या तशाच चाचणीत, जिचा निकाल २००६ साली आला, आहार-व्यायामाने २८.५ आणि मेटफॉर्मिनने २६.४ टक्के घट झाली, आणि दोन्ही एकत्र करूनही २८.२ च. म्हणजे आपल्या लोकांत दोन्ही वाटा साधारण सारख्याच ठरल्या. तिथे मेटफॉर्मिनचा डोसही कमी, दिवसाला २५० मिलिग्रॅमच्या दोन मात्रा, एवढाच होता.

या दोन्ही चाचण्या पीसीओएसच्या रुग्णांवरच्या नव्हत्या, त्यामुळे त्या पाळीबद्दल काहीही सांगत नाहीत. साखरेबद्दल मात्र सांगतात. आणि वजन उतरवायचे तर ६८ किलोचे पाच टक्के म्हणजे ३ किलो ४०० ग्रॅम. बस्स, पहिला टप्पा एवढाच.

निजामकालीन (मंगळवार, सकाळी ७.३०)

मास्तरांनी २८.५ आणि २६.४ मधला फरक आम्हाला त्रैराशिकाने समजावून सांगू नये, एवढी नम्र विनंती.

पाटी-पेन्सिल (मंगळवार, रात्री ८.४५)

डॉक्टरीणबाई, रक्तदाब मोजला होता, ११८/७६. घरात गुठळ्यांचा इतिहास नाही. दोन तासांची साखर तपासलेली नाही. अर्धशिशीबद्दल मला कुणी विचारले नाही आणि पाळीशी तिचा काही संबंध असेल असे वाटले नाही म्हणून मीही सांगितले नाही. मला वर्षातून पाच-सहा वेळा डोके दुखते. दुखण्याआधी वीसेक मिनिटे डोळ्यांसमोर एक नागमोडी झगमगती रेघ सरकत जाते. मागच्या महिन्यात वर्गात असेच झाले. मी फळ्यावर ‘महाराष्ट्रातील नद्या’ लिहिले आणि मला त्यातले ‘महाराष्ट्रातील’ दिसेनासे झाले. मुलांना वाटले बाई विसरल्या.

डॉक्टरीणबाई (मंगळवार, रात्री ९.२०)

आपण ही गोष्ट लिहिली, फार बरे झाले. अर्धशिशीच्या आधी अशी रेघ दिसत असेल तर इस्ट्रोजेन असलेली संततिनियमनाची गोळी देऊ नये, कारण अशा स्त्रियांमध्ये मेंदूच्या झटक्याचा मुळातच थोडा असलेला धोका तिने वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ही स्थिती चौथ्या, म्हणजे ‘वापरू नये’ या वर्गात आहे. ते पाकीट सुरू न करता त्याच डॉक्टरांकडे किंवा दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे आणि आत्ता जे लिहिले ते जसेच्या तसे सांगावे. अस्तराच्या रक्षणासाठी इस्ट्रोजेन नसलेले उपाय आहेत. ठरावीक अंतराने दहा-चौदा दिवस घ्यायची प्रोजेस्टेरॉनच्या गटातली गोळी हा त्यांतला एक. मेटफॉर्मिनला या अर्धशिशीची आडकाठी नाही.

बाह्यरुग्ण विभागात ८० बायका रांगेत असताना हा प्रश्न सुटून जातो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून कबूल करते. म्हणून रुग्णाने आपणहून सांगावे.

मांजराकाठ (मंगळवार, रात्री ९.३५)

मला तर ही गोळी मेडिकलवाल्याने चिठ्ठी न पाहताच दिली होती.

औषधपेटी (मंगळवार, रात्री ११.००)

मी जालन्यात औषधाचे दुकान चालवतो आणि वरच्या वाक्याने मान खाली गेली. हे होते, आणि ते चुकीचे आहे. ‘पाळी लांबवायची गोळी द्या’, ‘पाळी आणायची गोळी द्या’ अशी मागणी लग्नसराईत आणि सणावाराला रोज येते.

मला किमतीबद्दल सांगायचे आहे. साधे मेटफॉर्मिन हे सर्वात स्वस्त औषधांपैकी एक आहे आणि जनौषधी केंद्रात ते आणखी स्वस्त पडते. महाग पडते ते त्याच्या जोडीला येणारे मिश्रण. पीसीओएसच्या नावाने इनोसिटॉल, जीवनसत्त्व ड, क्रोमियम अशी पाच-सहा द्रव्ये एकत्र घालून केलेली पुड्यांची पेटी महिन्याला मेटफॉर्मिनच्या कितीतरी पट पैसे घेते. काही मिश्रणांत मेटफॉर्मिनही घातलेले असते आणि पाकिटावरचे बारीक अक्षर न वाचल्याने एका ताईंनी ते दोन ठिकाणांहून दुप्पट घेतले होते. इनोसिटॉल वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण पैसे तोलूनमापून असतील तर आधी काय घ्यावे हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

डॉक्टरीणबाई (बुधवार, सकाळी ६.४०)

इनोसिटॉलने त्रास क्वचितच होतो, पण त्याच्या फायद्याचा पुरावा मर्यादित आहे. मेटफॉर्मिनऐवजी ते घ्यावे असे मी सांगत नाही. कुणाला मेटफॉर्मिन अजिबात सोसत नसेल तर चर्चा करता येते.

लातूरची आई (बुधवार, दुपारी ३.१५)

माझी मुलगी १६ वर्षांची आहे, लातूरला वसतिगृहात राहून नीटची तयारी करते. पाळी १३ व्या वर्षी आली. आता कधी ३२, कधी ४० दिवसांनी येते. वसतिगृहाजवळच्या सोनोग्राफी केंद्राने पीसीओडी (पीसीओएसलाच असेही म्हणतात) असे लिहून दिले आणि तिच्या मैत्रिणींनी तिला सांगितले की आता मूल होणार नाही. ती फोनवर रडते. औषध सुरू करावे का?

डॉक्टरीणबाई (बुधवार, रात्री ९.५५)

पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींची अंडाशयेही तशीच दिसतात. पहिल्या तीन वर्षांत ४५ दिवसांपर्यंतचे अंतर स्वाभाविक मानले जाते, त्यानंतर ३५ दिवसांपर्यंतचे. आपली मुलगी नेमकी त्या सीमेवर आहे. वाट पाहता येते, तारखा वहीत लिहाव्यात, आणि चेहऱ्यावर राठ केस किंवा न हटणारे मुरूम असतील तर दाखवावे. मूल होणार नाही हे मैत्रिणींचे वाक्य तर पीसीओएस खरोखर असलेल्या स्त्रियांबाबतही चुकीचे आहे.

अंबाजोगाईकर (बुधवार, रात्री १०.३०)

त्या मुलीसाठी मुद्दाम लिहिते. मला पीसीओएस आहे आणि माझा मुलगा आता सहावीत आहे. पण वाटेत दोन वर्षे वाया गेली, कारण मूल हवे असताना मला केवळ मेटफॉर्मिनवर ठेवले होते. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी २००७ सालची एक चाचणी दाखवली. ६२६ स्त्रियांमध्ये नुसत्या मेटफॉर्मिनवर ७.२ टक्के जणींना मूल झाले आणि स्त्रीबीज तयार होण्यासाठी देतात त्या क्लोमिफेनवर २२.५ टक्के जणींना. मला क्लोमिफेन मिळाले आणि चौथ्या महिन्यात राहिले. धाकट्या जावेला मागच्या वर्षी त्याच कामासाठी लेट्रोझोल दिले, तर मेडिकलवर तिला सांगण्यात आले की ही कर्करोगाची गोळी आहे. ती गोळी न घेताच घरी आली.

तेव्हा पाटी-पेन्सिल, लग्न झाल्यावर मूल हवे असेल त्या वेळी औषधाचा प्रश्न नव्याने विचारावा लागेल. आजचे उत्तर तेव्हा चालणार नाही.

डॉक्टरीणबाई (बुधवार, रात्री १०.५०)

लेट्रोझोल स्तनाच्या कर्करोगासाठीही वापरतात, हे खरे. २०११ साली भारतात वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली होती आणि २०१७ साली ती उठली. २०१४ च्या चाचणीत ७५० स्त्रियांमध्ये लेट्रोझोलवर २७.५ आणि क्लोमिफेनवर १९.१ टक्के जणींना मूल झाले, म्हणून आज स्त्रीबीज तयार होण्यासाठी लेट्रोझोलच आधी देतात.

कोयता (गुरुवार, रात्री ९.१०)

मी बीड जिल्ह्यातली. माझ्या आईने वीस वर्षे ऊस तोडला. आमच्याकडे पाळीच्या कोणत्याही तक्रारीवर एकच औषध होते, गर्भाची पिशवी काढून टाका. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली, त्याच्या कितीतरी आधी, ३४ व्या वर्षी, माझ्या आईची पिशवी गेली. मला पीसीओएस आहे असे कळल्यावर सासूबाईंनी मायेनेच तोच उपाय सुचवला. मी त्यांना समजावले की गडबड अंडाशयांत आणि इन्शुलिनमध्ये आहे, पिशवी काढून ती जात नाही. त्यांनी विचारले, मग तुझ्या आईची कशाला काढली? मला उत्तर देता आले नाही.

येथे गोळी घ्यावी की न घ्यावी यावर एवढी चर्चा होते आहे, हे वाचूनच मला बरे वाटले.

काडीपहिलवान (शुक्रवार, सकाळी ८.३०)

केसांचा विषय मागे पडला म्हणून थोडक्यात. मला केसांसाठी आधी संततिनियमनाची गोळी आणि पुढे तिच्यासोबत स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी संप्रेरकांना अडवणारी गोळी) दिले. फरक दिसायला आठ महिने लागले, तोवर दर पंधरा दिवसांनी दोरा चालूच होता. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना गर्भ राहिल्यास मुलग्याच्या गर्भाच्या वाढीला धोका असतो, म्हणून संततिनियमन सोबत हवेच. ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही त्यांनी हेही डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

पाटी-पेन्सिल (२३ दिवसांनी, रविवार, सायंकाळी ६.२०)

उशिरा लिहिते आहे, परीक्षा होत्या.

मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि जाताना एका कागदावर सगळे लिहून नेले: पाळीच्या वर्षभराच्या तारखा, अर्धशिशीचे वर्णन, आणि मला आत्ता काय हवे आहे. शेवटचे लिहायला सर्वात जास्त वेळ लागला. मूल आत्ता नको, केसांचे दोऱ्यावर भागते, पाळी ९० दिवसांपलीकडे जाऊ नये आणि बाबांसारखा मधुमेह ४० व्या वर्षी होऊ नये, असे चार मुद्दे निघाले. बाबांच्या मधुमेहाचा उल्लेख मी इथेही केला नव्हता, हे लिहिताना लक्षात आले.

ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तासांनी साखर १६२ आली. १४० ते १९९ म्हणजे उंबरठा, असे डॉक्टरांनी सांगितले. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक आहेत. त्यांनी संततिनियमनाची गोळी रद्द केली. पाळी दोन महिन्यांत आली नाही तर प्रोजेस्टेरॉनच्या गटातली गोळी दहा दिवस घ्यायची आहे. मेटफॉर्मिन एसआर ५०० रात्रीच्या जेवणानंतर सुरू केले आहे, तीन आठवड्यांनी सोसल्यास वाढवायचे. मी शाकाहारी आहे आणि ही गोळी बी१२ जीवनसत्त्व कमी करते, म्हणून ते आत्ताच तपासून घेतले आणि दरवर्षी तपासायचे आहे. सहा महिन्यांनी पुन्हा दोन तासांची साखर पाहून गोळी चालू ठेवायची की नाही ते ठरेल.

आत्याचेही ऐकले आहे. पहाटे साडेपाचला मी आणि आई पाथरी रस्त्याने अडीच किलोमीटर जाऊन येतो. पहिल्या आठवड्यात समोरून येणारा प्रत्येक जण ‘कुणीकडं निघालात’ असे विचारत होता, आता विचारत नाहीत. शाळेतला चहा दोन कपांवर आणला, साखर अजून सुटलेली नाही.

मांजराकाठ (रविवार, सायंकाळी ६.५५)

पोटाचे कसे आहे?

पाटी-पेन्सिल (रविवार, सायंकाळी ७.०५)

पहिले तीन दिवस मळमळ झाली, आता ठीक आहे. आणि ते टरफल काल दिसले. आपण लिहिले नसते तर मीही मेडिकलवर भांडायला गेले असते. तसे जावे लागलेच, संततिनियमनाचे न फोडलेले पाकीट परत करायला. आई सोबत होती. पाकीट काउंटरवर तिनेच ठेवले आणि दुकानात चार माणसे उभी असताना मोठ्याने सांगितले, ‘हिला अर्धशिशी हाय, ही गोळी चालत न्हाई, दुसऱ्या कुणाला देताना इचारून देत जा.’